दुकानात भाव विचारून जाणारा माणूस

प्रश्न : आम्ही भोपाळला गोविंदपुऱ्यात राहतो. सासरे साठच्या दशकात भेलमध्ये नोकरीला लागले आणि इथलेच झाले. आमच्या नेहमीच्या वाण्याकडे एक माणूस अधूनमधून येतो, गहू, तांदूळ, डाळी, तेल यांचे भाव विचारतो, मोबाइलमध्ये काहीतरी भरतो आणि काहीही न घेता निघून जातो. "सरकारी आहे," एवढंच वाणी सांगतो. मध्यंतरी वाचनात आलं, की ज्या मुलखात उपासमारीची भीती असते तिथल्या बाजारातले धान्याचे भाव जगभर असेच टिपले जातात आणि त्यावरून पुढच्या संकटाचा अंदाज बांधतात. नुसत्या भावावरून हे खरंच कळतं का? आणि टीव्हीवर सांगतात तो भाव व मी मोजते तो भाव कधीच का जुळत नाही?
— एक वाचक, गोविंदपुरा, भोपाळ

उत्तर : तुमच्या वाण्याकडे येणारा माणूस दोनपैकी एका कामासाठी येत असावा.

पहिलं काम केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचं. 1998 साली या विभागात भाव-देखरेख कक्ष सुरू झाला. राज्याच्या अन्नपुरवठा खात्याची माणसं ठरलेल्या शहरांतल्या बाजारांत जाऊन रोजचे किरकोळ आणि ठोक भाव दिल्लीला कळवतात. भोपाळ या केंद्रांमध्ये बऱ्याच वर्षांपासून आहे. 2014 साली देशभरात अशी 57 केंद्रं होती, दहा वर्षांत ती साडेपाचशेच्या घरात गेली. 2021 पासून नोंद मोबाइलवर होते आणि माणूस कोणत्या ठिकाणी उभा राहून भाव भरतोय तेही तिच्याबरोबर पाठवलं जातं. बसल्या जागी आकडे भरून मोकळं होण्याची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

या यादीतली एक गोष्ट मला फार लागते. 1 ऑगस्ट 2024 पर्यंत त्यात 22 वस्तू होत्या. तांदूळ होता, गहू होता, गव्हाचा आटा होता, वनस्पती तूप आणि चहासुद्धा होता. ज्वारी नव्हती, बाजरी नव्हती, नाचणी नव्हती. त्या दिवसापासून यादी 38 वस्तूंची झाली आणि ही तीन धान्यं आत आली. म्हणजे सोलापूर-बीडपासून मेळघाटापर्यंत ज्या घरात भाकरी हेच जेवण आहे, त्या घराच्या मुख्य धान्याचा भाव रोजच्या सरकारी नोंदीत यायला सव्वीस वर्षं गेली. कोणतं धान्य मोजायचं हे ठरवताना कोणाचं ताट डोळ्यांसमोर होतं, ते यातून कळतं.

दुसरं काम लेबर ब्युरोचं, म्हणजे केंद्राच्या श्रम खात्याचं. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक ही संस्था काढते. 2016 हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत देशातली 88 औद्योगिक केंद्रं आणि 317 बाजार आहेत, आणि भोपाळ हे त्यांतलं एक केंद्र. भेलसारख्या केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांतला महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी याच निर्देशांकावरून ठरतो. कामगारवस्तीच्या बाजारात वाण्याने सांगितलेला गव्हाचा भाव असा फिरून फिरून पगाराच्या कागदावर येतो. गहू महागला की, थोडा उशिरा का होईना, पगारही थोडा सरकतो. गोविंदपुऱ्यातल्या हजारो कुटुंबांनी गेली कित्येक दशकं या आधारावर महागाई सोसली आहे. हा आधार काय मोलाचा आहे ते पुढे सांगतो, कारण तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आधी टीव्हीवरच्या भावाचं बघू. करोंदच्या मंडीत गहू बोलीवर विकला जातो. तिथे 'गव्हाचा भाव' असा एक भाव नसतोच. शरबतीचा वेगळा, लोकवनचा वेगळा, 1544 आणि 322 या वाणांचा वेगळा, आणि पिठाच्या गिरण्या घेतात त्या 'मिल क्वालिटी'चा सगळ्यांत खाली. सीहोर-विदिशेच्या शरबतीला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गव्हाची किंमत साध्या गव्हापेक्षा कितीतरी जास्त असते. मंडीच्या नोंदीत किमान, कमाल आणि सर्वाधिक व्यवहार ज्याला झाले तो, असे तीन भाव लिहितात. बातमीत त्यांतला एक येतो, तोही क्विंटलचा आणि ठोक. तुम्ही चाळलेला, निवडलेला, पोत्यातून सुटा काढलेला गहू किलोने घेता. दोन्ही भाव खरेच असतात. फक्त वेगवेगळ्या मालाचे असतात.

भाव टिपणाऱ्याची खरी परीक्षा इथेच आहे. त्याने दर खेपेला तेच वाण, तोच दर्जा, तेच दुकान आणि शक्यतो तोच वार धरला पाहिजे. पाटीवर लिहिलेल्या भावापेक्षा गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष मोजलेला भाव घेतला पाहिजे. आणि उपासमारीची चाहूल घ्यायची असेल तर शरबतीचा भाव लिहून काहीच उपयोग नाही. गरीब माणूस जो गहू घेतो तोच लिहायला हवा. भाव चढू लागले की माणसं बऱ्या मालावरून हलक्या मालावर येतात. मग हलक्या मालाला गिऱ्हाईक वाढतं आणि त्याचाच भाव चांगल्या मालापेक्षा वेगाने चढतो. सरासरीत हे झाकलं जातं.

आता मुख्य प्रश्न. नुसत्या भावावरून भूक कळते का? कळत नाही. याचे दोन पुरावे देतो, दोन्ही अमर्त्य सेन यांच्या 1981 च्या दुष्काळांवरच्या पुस्तकातले.

बंगाल, 1943. कलकत्त्याच्या ठोक बाजारात 11 डिसेंबर 1942 ला तांदूळ मणाला 13 ते 14 रुपये होता. 12 मार्चला 21 झाला, 21 मेपर्यंत 30 च्या वर गेला आणि 20 ऑगस्टला 37. इथे भाव मोठ्याने ओरडून सांगत होता आणि सरकारला ऐकायची इच्छा नव्हती. सुमारे 30 लाख माणसं गेली असा अंदाज आहे. सर्वांत जास्त कोण गेले? शेतमजूर, मासेमार, गावातले छोटे कारागीर. त्यांची मजुरी आणि त्यांच्या मालाची किंमत तांदळाच्या मानाने फार मागे राहिली होती. शहरातल्या ज्या कामगारांना कारखान्यांकडून आणि सरकारकडून स्वस्त धान्य मिळत होतं, ते वाचले.

इथिओपियाचा वोलो प्रांत, 1973. तिथे पीक बुडालं, लोक उपाशी मेले, आणि डेसी या मुख्य बाजारगावात धान्याचे भाव मात्र आधीच्या मानाने फारसे वाढलेच नाहीत. कारण शेतकऱ्याचं पीकच गेल्याने त्याच्या हातात पैसा नव्हता. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्या भुकेला बाजारात मागणी म्हणत नाहीत. त्यामुळे भाव हलला नाही. त्या साली कोणी फक्त भावाचा तक्ता पाहत बसला असता तर सगळं ठीक आहे असं त्याने लिहून पाठवलं असतं.

म्हणून धान्याच्या भावाशेजारी दुसरा आकडा लागतो, तो मजुरीचा. दिवसाच्या मजुरीत किती किलो धान्य येतं, हा भागाकार भुकेबद्दल खरं बोलतो. जनावरांवर जगणाऱ्या मुलखात मजुरीच्या जागी शेळी येते. सोमालियात एका शेळीच्या किमतीत किती ज्वारी मिळते हे दर महिन्याला टिपतात. दुष्काळात दोन्ही बाजूंनी मार बसतो. चारा नसल्याने सगळे एकदम शेळ्या विकायला काढतात, शेळीचा भाव पडतो, आणि त्याच आठवड्यात ज्वारी चढते.

हे शहाणपण बाहेरून आयात करायची आपल्याला गरज नाही. इंग्रजी अमदानीत आपल्याकडच्या गॅझेटियरांत आणि सरकारी तक्त्यांत धान्याचा भाव रुपयाला किती शेर किंवा किती पौंड, असा लिहीत. महागाई झाली की आकडा वाढण्याऐवजी घटे. मजुराला दिवसाला किती आणे मिळतात हे ठाऊक असलं की त्याच्या घरी संध्याकाळी किती जोंधळा जाईल ते त्या तक्त्यावरून लगेच निघे. मला ती पद्धत आजच्यापेक्षा अधिक माणुसकीची वाटते. निदान आकडा लिहिताना धान्याचं माप डोळ्यांसमोर राहत होतं.

पण आकडा माणुसकीचा असला म्हणून सरकार माणुसकीचं होतं असं नाही. 1876 ते 1878 च्या दख्खनच्या दुष्काळात, जानेवारी 1877 मध्ये, सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरची मजुरी खाली आणली. पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य, आणि तेही दिवसभर खडी फोडणाऱ्याला. मजुरी धान्याच्या भावाशी बांधलेली असल्याने तालुक्याच्या ठिकाणी कोणता भाव लिहिला जातो यावर हजारो लोकांचं पोट होतं. मुंबई इलाख्यात कामावरच्या लोकांनी ही मजुरी नाकारली आणि कामं सोडून दिली. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने जे केलं ते मराठी माणसाने विसरू नये. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. पीक किती, भाव काय, कामं कुठे निघाली, लोक कुठे चालले, हे सगळं वृत्तांतांच्या रूपाने सरकारला लिहून पाठवलं. विल्यम डिग्बी याने 1878 मध्ये लिहिलेल्या दक्षिण भारताच्या दुष्काळाच्या इतिहासात या वृत्तांतांचा उपयोग केला आहे. सरकारच्या आकड्यांसमोर लोकांनी स्वतः गोळा केलेले आकडे ठेवणं, आपल्याकडे हे इतक्या लवकर झालं आहे.

पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या. संकटाची चाहूल कशी ओळखायची याची यादीच त्यांत आहे, आणि ती आजही कामाची आहे. धान्याचे भाव चढणं हे तर आहेच. पण त्याबरोबर सावकाराने उधारी आखडणं, धान्याच्या व्यापारात एकाएकी धावपळ वाढणं, चोऱ्यामाऱ्या वाढणं, गुरं चाऱ्यासाठी नेहमीच्या वाटा सोडून जाणं, माणसं गाव सोडून भटकू लागणं. शंका असेल तर चाचणीची कामं काढायची. कमी मजुरीवरही लोक गर्दी करत असतील तर संकट आलं असं समजायचं. म्हणजे भाव हा अनेक साक्षीदारांपैकी एक, हे तेव्हाच्या अधिकाऱ्यांनाही कळत होतं. 1896-97 च्या दुष्काळात टिळकांनी सार्वजनिक सभेमार्फत ही संहिता मराठीतून रयतेपर्यंत पोचवली. तुमचा हक्क यात लिहिला आहे, तो मागा, असं सांगितलं. सरकारने त्याची दखल घेतली ती 1897 मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून.

आजच्या जगातली यंत्रणा याच धाग्याने चालते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेची पूर्वसूचना यंत्रणा सत्तरच्या दशकातली. 1984-85 मध्ये इथिओपिया आणि सुदानमध्ये माणसं मेल्यावर अमेरिकेने 1985 मध्ये 'फ्यूज नेट' हे जाळं उभारलं. ही मंडळी पाऊस, उपग्रहावरून दिसणारी हिरवळ, बाजारभाव, मजुरी, जनावरांच्या किमती हे सगळं एकत्र मांडून पुढच्या काही महिन्यांचं चित्र सांगतात. सोमालियाच्या बाबतीत ऑगस्ट 2010 पासून त्यांचे इशारे सुरू होते. तिथल्या गरिबांचं धान्य म्हणजे तांबडी ज्वारी. बैडोआच्या बाजारात तिचा भाव वर्षभरात दुपटीच्याही पुढे गेला. राष्ट्रसंघाने दुष्काळ जाहीर केला 20 जुलै 2011 ला, आणि मदतीचा मोठा ओघ त्यानंतर आला. मागाहूनच्या अभ्यासात मृतांचा अंदाज सुमारे 2 लाख 58 हजार निघाला आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास पाच वर्षांखालचे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की अंदाज बांधता येतो, तो बऱ्याचदा बरोबरही येतो, पण ऐकणाऱ्याने वेळेत हात हलवला पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा हे जाळंच काही महिने बंद पडलं होतं. जिथे भूक दाराशी आहे तिथे मोजणारा माणूसच उठून गेला, तर तिथली भूक कोणाच्या कागदावर येणार?

आता आपल्या जवळ येऊ. गोविंदपुऱ्यातून दक्षिणेला निघालं की बैतूल लागतं, आणि सातपुड्यातूनच पुढे गेलं की आपला मेळघाट, धारणी आणि चिखलदरा. दोन्ही अंगांना कोरकू राहतात, खंडवा आणि बुऱ्हाणपूरकडेही राहतात. सीमा राज्यांची आहे, भूक एकच आहे. 1993 मध्ये मेळघाटातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला आणि 1995 मध्ये नवसंजीवनी योजना आली. त्याच्या कितीतरी आधी, 1978 पासून, महाराष्ट्रात आदिवासींसाठी खावटी कर्ज होतं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, काम नसतं, तेव्हा सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. ती योजना मध्ये काही वर्षं बंद पडली आणि करोनाच्या काळात, 2020 मध्ये, कुटुंबाला 4 हजार रुपयांच्या खावटी अनुदानाच्या रूपाने परत आली. निम्मे रोख, निम्म्याचा किराणा. आषाढ-श्रावणात आदिवासी घरात काय होतं हे सरकारला पक्कं ठाऊक आहे, याचा हा लेखी पुरावा आहे.

मग या भागात भाव कोण टिपतं? साडेपाचशे केंद्रं प्रामुख्याने शहरांत आहेत. इथला बाजार आठवड्यातून एकदा भरतो. जमिनीवर पोतं पसरून धान्य मांडलेलं असतं. घेणारी बाई पाच किलोचं पाकीट घेत नाही, त्या दिवशीच्या मजुरीत येईल तेवढं घेते. पाव किलो तेल, मूठभर डाळ, आणि धान्य पुष्कळदा मापाने. आपल्याकडे दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. माप आकारमानाचं असतं, त्यामुळे पायलीभर बाजरी आणि पायलीभर भात यांचं वजन सारखं भरत नाही. बाई मापावर शीग ठेवून घेते की व्यापारी हाताने सपाट करून देतो, यावरही फरक पडतो. टंचाईत पुष्कळदा भाव तोच राहतो आणि शीग जाते. तक्त्यात ही महागाई उतरत नाही. तिथे भाव टिपायचा तर तराजू घेऊन बसलं पाहिजे, दर बाजाराला घेतलेलं माप वजन करून पाहिलं पाहिजे. हे काम शहरातल्या दुकानातल्या नोंदीपेक्षा अवघड आहे आणि त्याची गरज कितीतरी जास्त आहे.

दुसरा फरक मजुरीचा. भेलच्या कामगाराची मजुरी निर्देशांकाला बांधलेली आहे, आणि तो निर्देशांक दर महिन्याला त्याच्याच बाजारातून निघतो. ग्रामीण रोजगार हमीची मजुरी ज्या शेतमजूर निर्देशांकाला बांधलेली होती, त्याचा पाया 2025 पर्यंत 1986-87 चा होता आणि त्यातली खर्चाची विभागणी 1983 च्या पाहणीवरून ठरलेली. भाव सहाशे खेड्यांतून येत. चाळीस वर्षांपूर्वीच्या घरखर्चावरून आजच्या मजुराची वाढ ठरत होती. 2025 च्या मध्यावर नवी मालिका आली, हे फार आधी व्हायला हवं होतं.

हिशेब करून पाहा. 2025-26 मध्ये मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 261 रुपये होती. गहू 30 रुपये किलो धरू. ग्रामीण भागात माणशी महिन्याला साडेनऊ किलोच्या थोडं वर धान्य लागतं असं 2022-23 च्या सरकारी पाहणीत निघालं. पाच माणसांना 48 किलो. जानेवारी 2023 पासून रेशनवर माणशी 5 किलो फुकट मिळतं, म्हणजे 25 किलो तिथून आलं, कार्ड असेल आणि पाचही नावं त्यावर असतील तर. उरलेलं 23 किलो बाजारातून घ्यायचं. श्रावणात समजा महिन्यात चारच दिवस काम मिळालं. हातात 1,044 रुपये. धान्याला 690 गेले, उरले 354. त्यात तेल, मीठ, डाळ, दवाखाना, वही. आता गहू 36 झाला. धान्याला 828 लागतील, उरतील 216. गव्हाचा भाव किलोला सहाच रुपये चढला, बातमीतही आला नसता, आणि त्या घरातलं बाकी सगळं तीनशे चोपन्नवरून दोनशे सोळावर आलं. पहिल्यांदा डाळ जाते. मग तेल. धान्य शेवटपर्यंत शिजतं, म्हणून धान्याच्या विक्रीकडे पाहून काही बिघडलंय असं वाटत नाही. मूल मात्र अशक्त होत जातं.

जुन्या रीतीत याला एक आडोसा होता. सातपुड्यातली कुटुंबं चैतात गव्हाच्या कापणीला नर्मदेच्या खोऱ्यात उतरत आणि मजुरी म्हणून धान्य घेऊन परतत. घरातल्या कोठीत चार महिन्यांचा गहू असला की बाजारात भाव काय हा प्रश्नच पडत नाही. हार्वेस्टर आले, कापणीचं काम घटलं, आणि धान्याची मजुरी जाऊन पैशाची आली. हीच माणसं आता वर्षभर गिऱ्हाईक झाली आहेत. एप्रिलमध्ये गहू सर्वांत स्वस्त असतो तेव्हा त्यांच्याकडे साठवायला पैसा नसतो, आणि पाऊसकाळात ते चढ्या भावाने घेतात. लहान शेतकऱ्याचंही तेच. देणं फेडायला सुगीत विकतो आणि आपणच पिकवलेलं धान्य सहा महिन्यांनी परत विकत घेतो.

सरकार भावाकडे पाहत नाही असं म्हणणं चूक होईल. जून 2023 मध्ये गव्हाचा भाव चढताच पंधरा वर्षांत प्रथमच साठ्यावर मर्यादा आली, नोव्हेंबरमध्ये साडेसत्तावीस रुपये किलोने भारत आटा बाजारात आणला, गुदामातला गहू खुल्या बाजारात सोडला. भाव टिपणाऱ्या त्या माणसाचे आकडेच यामागे असतात. पण हा उपाय शहरांतल्या सरासरीकडे पाहून ठरतो आणि आट्याच्या गाड्याही बहुतेक शहरांतच उभ्या राहिल्या. धारणीच्या बाजारात काय चाललंय ते या सरासरीत दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की जिथे महागाई भत्ता आहे तिथे आपण रोज मोजतो, आणि जिथे महागाई थेट पोटावर येते तिथे क्वचितच. मोजणी उलटी लागली आहे. आश्रमशाळा, अंगणवाड्या, रेशन दुकानं या भागात आहेतच. आठवडी बाजाराचा भाव, त्या आठवड्याची प्रत्यक्ष हातात पडलेली मजुरी आणि अंगणवाडीतल्या मुलांची वजनं या तीन गोष्टी एका कागदावर, एका गावात, एका वारी लिहिल्या गेल्या तर आषाढातलं संकट वैशाखात ओळखता येईल.

प्रश्न (त्याच पत्रातला) : आम्हा बायकांचं इथे एक छोटं मंडळ आहे. आम्हाला आमच्या भागात अशी नोंद ठेवायची असेल तर कशी ठेवावी?

उत्तर : जरूर ठेवा, आणि ती वस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन ठेवा. तुमच्या भागात घरकाम करणाऱ्या, कारखान्यांत ठेक्यावर काम करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या बायका ज्या दुकानातून घेतात ते दुकान निवडा, तुमचं नको. पोत्याचा नको, सुट्या किलोचा आणि तेलाचा पाव किलोचा भाव लिहा, कारण थोडं थोडं घेणाऱ्याला किलोमागे जास्तच पडतं. मिल क्वालिटीचा गहू, साधा तांदूळ, तूर आणि सोयाबीन तेल एवढं पुरे. वार एकच धरा. दुकानदार उधारी देतोय की थांबवली, ते समोर लिहा. हा रकाना कधी गाळू नका.

त्याच दिवशी सकाळी मजूर जिथे उभे राहतात त्या पीठ्यावर दोन गोष्टी विचारा. आज रोजाचा काय भाव निघाला, आणि या आठवड्यात किती दिवस काम लागलं. ठरलेला दर विचारू नका, हातात पडलेला विचारा. कंट्रोलच्या दुकानात त्या महिन्याचं धान्य आलं का, किती तारखेला आणि कितींना मिळालं, तेही लिहा.

मग आठवड्याची मिळकत धान्याच्या भावाने भागा. निघेल तो आकडा म्हणजे त्या आठवड्यात एका मजुराला घेता येणारं धान्य. दर आठवड्याला तो थोडा खालीवर होईलच, पावसाळ्यात उतरेलही. पहिल्या वर्षी घाईने काही ठरवू नका. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्याशी ताडून पाहा. आकडा गेल्या वर्षीच्या मानाने सलग चार-सहा आठवडे खाली असेल आणि उधारीच्या रकान्यात 'बंद' येऊ लागलं असेल, तर तो कागद घेऊन वॉर्डातल्या नगरसेवकाकडे आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याकडे जा. सोबत त्या बायकांनाही न्या.